उतारावरची पहिली गोळी

१४ एप्रिल १९९६

लेस्टर,

तुझं पाकीट परवा गसच्या विमानाने आलं. टपालाची पिशवी धावपट्टीवर टाकून तो सगळ्यांसमोर ओरडला, "मेबल, तुझ्या भावाने बहुतेक आख्खं फेअरबँक्स भरून पाठवलंय, वजन बघ जरा!" लोक हसले. मी नाही हसले.

फोन चार वेळा केलास, चारही वेळा मी ठेवून दिला. म्हणून आता पत्र. तीन वर्षांनी बहिणीला लिहायला बसलास, आणि लिहिलंस काय, तर दोन दंतवैद्यांच्या सहलीचा बेत! दिवसा कॅरिबू हरणं मारायची, उरलेल्या वेळात पिसांच्या गळाने मासे धरायचे, मुक्काम आपल्या तळावर. सोबत नकाशा, तारखा, सामानाची यादी, आणि तळाशी माझ्या सहीसाठी छान रेघ मारलेला कागद. रेघ सरळ आली आहे, त्याबद्दल शाबासकी घे.

सही मी करणार नाही. उताराजवळची, कळप नदी ओलांडतात तिथली जमीन आईबाबांनी आपल्या दोघांच्या नावावर ठेवली ती अशासाठीच, की एकाची मती फिरली तर दुसऱ्याने हात आखडता घ्यावा. बाहेरचा माणूस तिथे उतरवायचा तर जमिनीच्या कचेरीला दोन सह्या लागतात. तुझ्याकडे एकच आहे, ती कुरवाळत बस.

गाव काही विसरलेलं नाही. कळपाचे म्होरके नदीवर येतात तेव्हा गोळी घालायची नाही, धूर करायचा नाही, खोकला आला तर टोपी तोंडात कोंबायची. ते एकदा पोहून पलीकडे गेले की मागचे हजारो त्याच वाटेने मुकाट येतात. हे आपल्याला चालता येण्याआधी शिकवलेलं. आणि त्र्याण्णव साली तू आपल्या तळावर पाहुणे आणलेस, त्यातल्या लाल टोपीवाल्याने पहिल्याच टोळीवर गोळी झाडली. म्होरके बिथरले, कळप चाळीस मैल वर जाऊन उतरला, आणि गावाने तो हिवाळा ससे आणि दुकानातल्या डबाबंद मांसावर काढला. एनोकच्या घरात सात माणसं. त्यांनी नाताळ एका कॅरिबूवर केला, तोही दुसऱ्या गावातून आलेला.

मी हे डोळ्यांनी पाहिलं आणि सभेत उभी राहून सांगितलं. तू तिथे होतास. नुसता माझ्याकडे बघत राहिलास, तोंडातून शब्द नाही. खरा असतास तर बोलला असतास. गावाने तुला म्हटलं, पुन्हा इथे विमान उतरवू नकोस. चुकीचं काय म्हटलं?

मेबल


६ मे

लेस्टर,

तू हट्टी आहेस हे माहीत होतं, पण कोडगा आहेस हे नव्याने कळलं. मी नाही म्हटलं तर तू सुधारलेला बेत पाठवलास! सुधारलेला म्हणजे काय, तर दंतवैद्य अठ्ठावीस ऑगस्टला येणार आणि तंबू उत्तरेच्या काठावर लागणार, कारण तिथून "देखावा चांगला दिसतो".

उत्तरेच्या काठावर! कॅरिबू येतात कुठून, आकाशातून? त्यांच्या वाटेत निळा तंबू ठोकून, त्यात दोन माणसं घोरत ठेवून, वर म्हणायचं की आता या. शहरात राहून डोकं असं होतं का, की तू आधीपासून तसाच होतास आणि आम्ही मायेने बघितलं नाही?

आणि हे मासे. "पकडून सोडणार" असं लिहिलंयस. मी ते एनोकला वाचून दाखवलं. त्याने दोनदा वाचायला लावलं. "पकडून काय करणार?" "सोडणार." "मग पकडणार कशाला?" "फोटो काढणार." म्हातारा विचार करून म्हणाला, "दात काढणारे लोक आहेत ना, सवय असेल. उघडायचं, आत बघायचं, बंद करायचं." आम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. पण मला सांग, खायचं नसेल तर मुक्या जिवाला तोंडात काटा घालून का नाचवायचं? लहानपणी तू मासा दोरीला बांधून काठाकाठाने फिरवत होतास, तेव्हा आईने तुला त्या दिवशी जेवायला दिलं नव्हतं. अन्नाशी खेळतोस तर उपाशी राहून बघ, म्हणाली होती. दंतवैद्यांना कुणी आया नव्हत्या का?

यादी बघितली. तीन बंदुका, सहा गळकाठ्या, दोन घडीच्या खुर्च्या, वाइन. गसचं विमान पाण्यावर उतरतं म्हणजे ते जहाज नव्हे. दोन माणसं आणि एवढं बारदान घेऊन ते उठेल, पण परत येताना मांस कुठे ठेवणार? एका नराचं मांसच दोन फेऱ्या खातं. आणि कायदा अजून तोच आहे. आधी मांस निघतं, शिंगं शेवटी. नाहीतर मागच्यासारखं शिंगं भिंतीवर आणि मांस कावळ्यांना.

ज्याला काही कळतं तो असा बेत करील: म्होरके ऑगस्टच्या शेवटी येतात, तेव्हा तळावर कुणी नको. ते गेल्यावर तीन दिवस मोजायचे. बारा सप्टेंबरला यायचं, तंबू दक्षिणेला, झुडपांच्या मागे. तेव्हा नरांच्या पाठीवर दोन बोटं चरबी असते. वरच्या डोहात मासे अंडी घालून परतत असतात, भुकेले असतात, काय वाटेल त्यावर तोंड टाकतात, पिसांवरसुद्धा. पंचवीसला निघायचं. ऑक्टोबर लागला की नर माजावर येतात, मांसाला असा वास मारतो की कुत्रंही तोंड फिरवतं, आणि कडेने बर्फ धरायला लागतो.

हे मी तुझ्यासाठी लिहिलेलं नाही. चुकीचं काही वाचलं की माझा हात थांबत नाही एवढंच. सही मिळणार नाही.

मेबल


१९ जून

लेस्टर,

बर्फ सहा तारखेला फुटला. नदी चार दिवस ओरडत होती. तुला ऐकायला आवडलं असतं, म्हणून मुद्दाम सांगते.

तुझ्या पत्रात या वेळी दंतवैद्य दोनच ओळींत आटोपले. बारा सप्टेंबर मान्य, दक्षिणेचा काठ मान्य, खुर्च्या रद्द. कुठल्याही गोष्टीला इतक्या लवकर मान डोलवणारा तू नव्हेस. मग पुढची दोन पानं आईबद्दल. शेवटी ती कशी होती, जेवत होती का, कुणाचं नाव घेत होती का.

काय सांगू? म्हातारी होती, फुप्फुसं गेली होती, फेब्रुवारीत गेली. झोपेत गेली. कुणाचं नाव घेतलं नाही. तुला दोन आठवड्यांनी गसकडून कळलं याचा तुला राग आहे. असू दे. त्या वेळी वादळ होतं, फोन बंद होते. माझे हात गुंतलेले होते. तिला उचलायला, धुवायला, चमच्याने रस्सा पाजायला मी होते. तू नव्हतास. शेवटी शेवटी तर तिने तोही घेतला नाही. त्या डोक्याचा रस्सा तिला एवढा आवडायचा, पण दात बघितल्यावर वाडगा तिने जो बाजूला सारला तो सारलाच.

ते जाऊ दे. महत्त्वाचं वेगळंच आहे. तुझ्या बेताची बातमी गावात फिरली. पंचायतीने ठरवलंय की हे कायमचं मिटवायचं. एनोक काल कागद घेऊन आला. त्यात लिहिलंय की त्र्याण्णवच्या ऑगस्टअखेरीला लेस्टरच्या पाहुण्याने म्होरक्यांवर गोळी झाडली, सबब लेस्टरला आणि त्याने आणलेल्या कुणालाही हयातभर या नदीवर उतरू देऊ नये. खाली साक्षीदार म्हणून माझं नाव. मी शपथेवर सही केली की कागद कचेरीत जाणार, आणि तळावरचा तुझा हक्क असून नसल्यासारखा.

एनोक म्हणाला, "सभेत बोललीस तेच आता लिहून द्यायचं. घाई नाही. पण म्होरके यायच्या आत."

मी म्हटलं, "पेन नाहीये घरात."

तो माझ्या हातातल्या पेनाकडे बघून निघून गेला.

म्हणजे टेबलावर आता दोन कागद आहेत, तुझा आणि त्याचा. मला एकावर सही करायची आहे. कोणत्या, ते तुला कळलंच असेल.

मेबल


२३ जुलै

लेस्टर,

या वेळी तू एकच ओळ पाठवलीस. "कोणत्या डोक्याचे दात?" सात सेंटचं पाकीट असतं तरी महाग पडलं असतं.

तुझी ही सवय मला पहिल्यापासून आवडत नाही. माणूस दहा गोष्टी सांगतो, त्यातली तू नेमकी न सांगितलेली उचलतोस. लहानपणी मी साखर खाल्ली की तू काही बोलायचा नाहीस, नुसता डब्याकडे बघायचास. सभेतही तसंच बघितलंस. तीन वर्षं मी त्या बघण्याला शिव्या देतेय.

एनोकचा कागद तसाच पडून आहे. रोज सकाळी चहा घेऊन त्याच्यासमोर बसते. सभेत बोलणं सोपं होतं, लोक चिडलेले होते, माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत त्यांनीच पूर्ण केलं. कागद नुसता पडून राहतो. सगळं वाक्य आपल्यालाच लिहावं लागतं.

ऐक मग. आणि मध्ये काही मनातल्या मनातही बोलू नकोस.

त्या आठवड्यात आईने अन्न टाकलं होतं. एकच म्हणायची, ताजी जीभ मिळाली तर खाईन. मी तिची जुनी बंदूक घेऊन एकटी बोटीने उतारावर आले. तुझे तंबू खाली दिसत होते, तुम्ही कुणी नव्हता. मी झुडपात बसले. दुपारी नऊ कॅरिबू आले. मी हललेसुद्धा नाही. ते पाण्यात शिरले, पोहले, पलीकडे अंग झटकून गेले. मी मोजून वाट पाहिली. मग आणखी एक मादी काठावर आली, मागे धूसर बरीचशी. मला वाटलं म्होरके गेले, हे मागचे. आता चालतं. मी गोळी घातली.

ते नऊ नुसते चुकार होते, लेस्टर. पुढे भरकटलेली पोरं. म्होरकी ती होती. ती पडली आणि मागची सगळी टेकडी वळली. मला ते दिसत होतं आणि मी हात वर करून "नका, नका" म्हणत होते, कॅरिबूंना.

चाळीस हिवाळे पाहिलेली बाई मी, त्यात उतारावर म्होरके ओळखायचं काम पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच घराकडे. मला ओळखता आलं नाही. हे मी कुणाला कसं सांगणार होते? मांस टाकता येत नाही, म्हणून सगळं बोटीत घातलं. धक्क्यावर एनोकने विचारलं, कुणी मारली. तुझ्या पाहुण्याची लाल टोपी मी सकाळी काठावर पाहिली होती. म्हटलं, त्याने मारून टाकून दिली, मी उचलून आणली. लोकांनी वर माझं कौतुक केलं.

आईसाठी डोकं उकळलं. तिने जीभ खाल्ली, मग जबडा हातात घेऊन उजेडात धरला. दात हिरड्यांपर्यंत झिजलेले. म्हणाली, "हिने बारा वेळा तरी नदी ओलांडली असेल. मेबल, ही कुठे पडली?" मी चुलीत लाकूड घातलं. तिने वाडगा सारला.

झालं तुझं समाधान? आता हे पत्र घेऊन फेअरबँक्सभर नाच. मी तुझी माफी मागत नाहीये. तू तिथे ती माणसं आणली नसतीस तर मला कुणाचं नाव घ्यायला मिळालं नसतं.

मेबल


८ ऑगस्ट

लेस्टर,

तुझं उत्तर नाही. बरं.

मागच्या सोमवारी बारा वाजता मी रेडिओ उचलला. त्या वेळी प्रत्येक घरात तो चालू असतो, हवामान ऐकायला. म्हटलं, "मेबल बोलतेय. त्र्याण्णव साली उतारावर पहिली गोळी मी घातली. लेस्टरच्या माणसाने नव्हे. सभेत मी खोटं बोलले." आणि बटण सोडलं.

आधी नुसती खरखर. मग कुणाची तरी सून म्हणाली, "अगं बाई, माझं दूध उतू गेलं." मग पुन्हा खरखर. शेवटी एनोक. "ऐकलं. कागद जाळून टाक. घरीच थांब, मी येतो."

आला तो बसला नाही. म्हणाला, "यंदा उतारावर तू जायचं नाहीस. पुढच्या वर्षीही नाही. मांस तुझ्या दारात पोचेल, घरोघरीचं थोडं थोडं."

"मला दान नको."

"दान नाही. त्या हिवाळ्यात आमच्या ताटात आलं नाही ते कसं असतं, ते तू खाऊन बघ." आणि गेला. इतकी वर्षं घरोघरी मांस वाटत आले मी. आता लोक माझ्या दारात पिशवी ठेवतात आणि दार न वाजवता जातात.

पंचायतीने तुझ्यावरची बंदी उठवली. उतारावर म्होरके ओळखायचं काम तुझ्याकडे द्यावं असं चाललंय. आपल्या घरातलं काम आपल्या घरातच राहावं म्हणून. सही केलेला कागद सोबत आहे. तुझी रेघ पुरली नाही, सही खाली उतरलीय.

आणखी एक आहे. हे लिहिणार नव्हते. पण एकदा पोतं फाटलंच आहे.

आई झोपेत गेली नाही. सहा दिवस शुद्धीवर होती. पहिल्या दिवसापासून म्हणत होती, लेस्टरला बोलाव. वादळ दोनच दिवस होतं. त्यानंतर फोन चालू होता, माझ्या हाताच्या अंतरावर. मी तिला म्हटलं, लागत नाही. तू आला असतास तर तिने तुला जबड्याचं सांगितलं असतं, म्हणून. चौथ्या दिवशी ती विचारायची थांबली. मग तुझ्यासाठी म्हणून काही बोलली, बरंच. ते सगळं मला पाठ आहे. पत्रात मावणार नाही. तू आलास की समोर बसून सांगेन. चहा ठेवीन.

बारा सप्टेंबरला धक्क्यावर येते.

मेबल


२० ऑगस्ट

मेबल,

कागद मिळाला.

दंतवैद्यांना दुसऱ्या नदीवर पाठवलंय. मी एकटा येतोय, बारा तारखेला नव्हे, याच महिनाअखेरीला. म्होरके यायच्या आधी दक्षिणेच्या काठावर बसलेला असेन. एनोकला तसं कळवलंय.

त्या दिवशी आम्ही वरच्या डोहावर मासे धरत होतो. बार ऐकू आला. आईच्या बंदुकीचा आवाज मला ओळखू येणार नाही असं तुला का वाटलं? खाली आलो तर झुडपात तिचं काडतूस पडलेलं. मी ते खिशात टाकलं. सभेत तू बोलत होतीस तेव्हा ते माझ्या मुठीत होतं. मी हिशोब केला तो एवढाच की घरात आई अंथरुणावर आहे आणि तिच्यापाशी मेबल आहे. गावाने मेबलला बाहेर काढलं तर आईला कोण बघणार? मला जायला फेअरबँक्स होतं. म्हणून गप्प बसलो.

गोळीचा मला कधीच राग नव्हता. ती कुणाच्याही हातून सुटली असती. खोट्याचाही राग मी गिळला होता. तीन वर्षं मनाशी म्हणत होतो, काही झालं तरी तिने आईला नीट सांभाळलं.

तू धक्क्यावर येऊ नकोस. घरी मी येणार नाही. आई माझ्यासाठी जे काही बोलली ते कागदावर उतरव, तिचे शब्द जसेच्या तसे, तुझा एकही न घालता, आणि गसजवळ दे. कितीही पानं होवोत. तुझ्या आवाजात मला ते ऐकायचं नाही.

लेस्टर